माळाला पडीक म्हणण्याआधी

'पडीक' हा शब्द आपण फार सहज वापरतो. जिथं पीक नाही, ती जमीन पडीक! अमेरिकेतही असंच झालं. १८२० च्या एका सरकारी मोहिमेनंतर देशाच्या मधला विस्तीर्ण गवताळ प्रदेश नकाशात चक्क 'वाळवंट' म्हणून दाखवला गेला. खरं तर तिथं बायसनचे प्रचंड कळप चरत होते आणि लाकोटा, शायेन, कोमांची लोक राहत होते. त्यांना हुसकावून ती जमीन 'मोकळी' करण्यात आली.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं नाममात्र शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. अट अशी, की पाच वर्षं तिथं राहून ती कसायची. पण कसायची कशी? पश्चिमेकडं पाऊस जेमतेम २० इंच, कुठं त्याहूनही कमी. झाडं विरळ. गवताच्या मुळांची वीण इतकी घट्ट, की साधा नांगर आत शिरेना.

उपाय कारागिरांनी शोधले. जॉन डिअर या लोहारानं १८३७ मध्येच करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून नांगर केला होता. त्याला चिकट माती धरून राहत नसे. डॅनियल हॅलडे यांची १८५४ ची पवनचक्की वाऱ्याकडं आपोआप तोंड फिरवी आणि खोलवरचं पाणी वर आणी. कुंपणाला लाकूड नव्हतं. जोसेफ ग्लिडन यांच्या काटेरी तारेला १८७४ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी कॅन्ससमध्ये थंडीला टिकणारा लाल गहू आणला. 'वाळवंटा'चं गव्हाचं कोठार झालं.

पुढं ट्रॅक्टर आले. लाखो एकर गवत उलथलं गेलं. १९३० नंतर अवर्षण पडलं, तेव्हा माती धरून ठेवायला मुळंच उरली नव्हती. १४ एप्रिल १९३५, रविवार. धुळीच्या लोटानं भरदिवसा काळोख केला. त्या दशकात लाखो माणसं घरदार सोडून गेली. त्याच एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट यांच्या खात्यानं उताराला आडवी नांगरट शिकवली. काही ठिकाणी पुन्हा गवत लावलं.

नांगरानं हजारो कुटुंबांना भाकरी दिली, हे विसरू नये. चूक होती ती गवताला निरुपयोगी समजण्यात. आपल्याकडचीही कितीतरी माळरानं सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदली गेली आहेत. तिथं मेंढपाळांचे कळप चरतात, माळढोकासारखा पक्षी राहत आला. नांगर जरूर चालवावा; त्याआधी तिथलं गवत काय धरून आहे, तेवढं पाहावं.