परकी भाषा आणि आपला वर्ग

(अचलपूर येथे शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



आज आपण ज्या गावी जमलो आहोत, त्याच्या नावातच भाषाशिक्षकासाठी एक धडा आहे. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अचलपूर’ या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. लोकांच्या तोंडी यातील ‘च’ आणि ‘ल’ जागा बदलतात, असे ते सूत्र सांगते. कागदोपत्री रूढ झालेल्या ‘एलिचपूर’ या नावात ती अदलाबदल आजही दिसते. हेमचंद्रांनी लोकांना दोष दिला नाही; जीभ कशी वळते हे पाहिले आणि त्याचा नियम सांगितला. वऱ्हाडातले मूल ‘शाळे’ला ‘शाया’ म्हणते. तेच मूल इंग्रजी शब्द उच्चारू लागले की आपण हसतो. त्या हसण्याने गप्प झालेले मूल पुढे दहावीपर्यंत तोंड उघडत नाही.

मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण शिकवण्याची रीत बदलली नाही, तर वाढलेल्या वर्षांचा उपयोग काय?

माझाच अनुभव सांगतो. आरंभीची अनेक वर्षे मी फळ्यावर उत्तरे लिहीत असे आणि मुले ती उतरवून घेत. वह्या देखण्या होत्या. तपासणीत शेरेही चांगले मिळत. एकदा वर्गातील एका हुशार मुलाला मी सहज इंग्रजीत विचारले, तू कोठे राहतोस? त्याने क्षणभर विचार केला आणि पाचव्या धड्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बिनचूक म्हणून दाखविले. त्याची काही चूक नव्हती. प्रश्न हा उत्तर आठवण्यासाठी असतो, असे मीच त्याला शिकविले होते.

त्यानंतर मी वर्गात काही प्रयोग करून पाहिले. त्यातील टिकलेले तीन सांगतो.

पहिला आज्ञांचा. ‘ओपन द विंडो’ म्हणावे, स्वतः खिडकी उघडून दाखवावी, मग मुलांकडून ती कृती करून घ्यावी. मुलांवर लगेच बोलण्याची सक्ती करू नये. अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी हीच रीत शास्त्रशुद्ध मांडली. मूल मातृभाषाही आधी ऐकते, त्याप्रमाणे वागते आणि मग बोलते.

दुसरा प्रयोग एस. टी.च्या वेळापत्रकाचा. १९७९ ते १९८४ या काळात डॉ. एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत असा प्रयोग केला होता. नकाशा, वेळापत्रक यांवरचे एक कोडे शिक्षक प्रथम साऱ्या वर्गाच्या मदतीने सोडवीत; मग तसेच दुसरे कोडे मुले स्वतः सोडवीत. मन कोड्यात गुंतले की भाषा नकळत रुजते, हा त्यांचा विचार. आपल्या मोठ्या वर्गासाठी मी त्यात थोडा फेर केला. एका बाकावरील दोन मुलांना परतवाडा–अमरावती गाड्यांची दोन वेळापत्रके दिली. एकात काही वेळा गाळलेल्या, दुसऱ्यात दुसऱ्याच गाळलेल्या. एकमेकांचा कागद पाहायचा नाही; इंग्रजीत विचारून रिकाम्या जागा भरायच्या. विचारल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून मूल विचारते. वर्गात गलका होतो खरा. पण तो शिकण्याचा असतो.

तिसरा प्रयोग बाजाराचा. एक मूल संत्री विकणारे, दुसरे गिऱ्हाईक. भाव ठरवायचा आणि पैसे मोजायचे. संत्र्यांच्या या मुलखात हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

बोलता बोलता मूल चुकले, तर मध्येच अडवू नये. चुका टिपून ठेवाव्यात आणि खेळ संपल्यावर, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर सुधाराव्यात. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ‘ए’ आणि ‘द’ गळणारच. तसेच, मराठीचा आधार वर्ज्य मानू नये. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. खेळाचे नियम मराठीत सांगितले, तर वेळ वाचतो आणि मूल बावरत नाही.

येथून जवळच मेळघाट आहे. तेथील कोरकू मुलाची घरची भाषा मराठीहून अगदी वेगळ्या, मुंडा कुळातील आहे. त्याला मराठीही शाळेतच शिकावी लागते. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. त्याच्या वर्गात मराठीसाठीसुद्धा हेच कृतीचे मार्ग उपयोगी पडतील, आणि शिक्षकाने थोडी कोरकू शिकली तर अधिकच.

शेवटी अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना एक विनंती. शाळेत गेल्यावर वहीची पाने मोजू नका. मुलाला त्याच्या घराविषयी एखादा साधा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. तपासणारा जे पाहतो, तेच शिक्षक शिकवितो. ज्या दिवशी आपण वही बंद करून मुलाचे बोलणे ऐकू लागू, त्या दिवशी शिकविण्याची रीत आपोआप बदलेल.