दूरच्या दप्तराची हजेरी



हजेरीपटावर नाव असणे आणि मूल वर्गात बसलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हे शिक्षकांस कोणी शिकवावयास नको. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या फोल्डरचे नाव दिसणे आणि त्यातील कागद खरोखर हाताशी असणे याही अशाच दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या शाळेत एकच संगणक आहे आणि सर्व काम त्याच्याच डिस्कवर साठते, तेथे हा भेद जाणवण्याचे कारण नाही. परंतु जेथे आठ-दहा संगणक एकमेकांस तारेने जोडलेले आहेत, आणि मुलांचे लेखन, गुणनोंदी व अहवाल हे सर्व एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवले जाते, तेथे या भेदाचे अज्ञान महाग पडते.

या व्यवस्थेचे मूळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. तेथील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली 'नेटवर्क फाइल सिस्टिम', संक्षेपाने एनएफएस, ही पद्धती प्रचारात आणली. तिच्यामागील कल्पना साधी आहे. दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवरील फोल्डर आणून या संगणकावरील एखाद्या फोल्डरवर बसवावयाचा, आणि वापरणाऱ्यास तो घरचाच वाटेल अशी तजवीज करावयाची. या बसवण्यास तंत्रज्ञ 'माउंट करणे' असे म्हणतात. पुढील विवेचनात त्यास 'जोडणी' म्हटले आहे. १९८९ मध्ये या पद्धतीचे नियम आरएफसी १०९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले.

आरंभी संगणक सुरू होतानाच सर्व जोडण्या करून ठेवण्याचा प्रघात होता. सर्व्हर एक असेल तर यात अडचण नाही. पण मोठ्या विद्यापीठांत असे सर्व्हर पुष्कळ असत, आणि त्यांपैकी एखादा बंद असला की त्याची वाट पाहत बाकीचे संगणक सकाळी सुरू होतानाच अडून बसत. यावर उपाय म्हणून ऑटोमाउंटर, म्हणजे गरजेपुरती जोडणी आपोआप करणारा प्रोग्राम, जन्मास आला. एक सन कंपनीने स्वतःच तयार केला. दुसरा लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संगणनविभागात जॅन-सायमन पेंड्री यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिला; त्याचे नाव 'एएमडी'. (याच अक्षरांच्या नावाची चिप बनवणारी प्रसिद्ध कंपनी आहे, तिचा या प्रोग्रामशी काही संबंध नाही.) पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना एरेझ झाडोक यांनी त्याची जोपासना केली.

ऑटोमाउंटरचे काम केंद्रशाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून देणाऱ्या शिपायासारखे आहे. सर्व पुस्तके तो अगोदर आणून ठेवीत नाही. कोणी मागितले की आणतो, आणि बराच वेळ कोणी उघडले नाही की परत नेऊन ठेवतो. एएमडीच्या बाबतीत हा 'बराच वेळ' मुळात पाच मिनिटांचा ठरवलेला आहे. परत नेतेवेळी फोल्डर कोणाच्या वापरात आढळला तर तो हिसकावून घेत नाही. दोन मिनिटांनी पुन्हा पाहतो. आणलेले सर्व्हर जिवंत आहेत की नाहीत हेही तो दर तीस सेकंदांनी त्यांस हाक मारून पाहत असतो. हाकेस वारंवार उत्तर आले नाही म्हणजे तो सर्व्हर बंद समजावयाचा, आणि त्याच सामग्रीची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर असल्याची नोंद असेल तर पुढील मागणी तिकडे वळवावयाची, अशी त्याची शिस्त आहे.

आता मुख्य प्रश्न. कोणता फोल्डर या घटकेस जोडलेला आहे, हे विचारावे कसे?

सर्वसाधारण मनुष्य फोल्डर उघडून पाहील. परंतु उघडणे हीच मागणी होय. शिपायास 'पुस्तक आले आहे काय?' असे विचारताच तो धावत जाऊन पुस्तक घेऊन येतो, आणि मग 'आहे' असे सांगतो. विचारण्यापूर्वी ते होते किंवा नव्हते, याचा पत्ता त्यावरून लागत नाही. हे एक वेळ चालेल. पण सर्व्हर बंद असेल तर विचारणाराच अडकतो. एनएफएसची पक्की जोडणी अशी असते की सर्व्हर उत्तर देईपर्यंत संगणक पुनःपुन्हा विचारीत राहतो, आणि ज्या प्रोग्रामने प्रश्न केला तो तोवर जागीच थिजतो. हा दोष नव्हे. जाणूनबुजून ठेवलेली सावधगिरी आहे. उत्तर आले नाही म्हणून काही वेळाने नाद सोडणारी कच्ची जोडणीही करता येते, पण लिहिणे चालू असता ती मध्येच सुटली तर अर्धी फाइल लिहिली जाते आणि अर्धी हरवते. मुलांचे काम ज्या फोल्डरात आहे त्यासाठी पक्की जोडणीच योग्य. मात्र तिची किंमत ही की चौकशी कोठे करावी हे जाणले पाहिजे.

डिस्कवर किती जागा उरली हे सांगणारी 'डीएफ' ही आज्ञा या बाबतीत फार फसवी आहे. ती प्रत्येक जोडलेल्या फोल्डरकडे जाऊन जागेचा हिशेब मागते. दहांपैकी एकाचा सर्व्हर मेलेला असला तर ती तेथेच उभी राहते आणि उरलेल्यांचीही माहिती मिळत नाही. गैरहजर मुलाचे नाव पुकारल्यावर ते मूल गावाहून परत येईपर्यंत पुढचे नावच न घेणाऱ्या शिक्षकासारखी तिची गत होते. पडदा निश्चल झालेला पाहून पुष्कळ जण संगणकाचे बटण दाबून तो बंद करतात, आणि सुस्थितीत चाललेले इतर कामही त्याबरोबर गमावतात.

पेंड्री यांच्या प्रोग्रामसोबत यासाठी 'एएमक्यू' नावाचे एक लहान साधन दिलेले होते. त्याचे काम केवळ विचारपूस करण्याचे. ते फोल्डरकडे जात नाही, सर्व्हरकडेही जात नाही. थेट ऑटोमाउंटरकडे जाऊन 'तुझ्या वहीत काय आहे ते सांग' एवढेच म्हणते. वही त्याच्या स्वतःच्या स्मृतीत असल्यामुळे उत्तर तत्काळ येते, कोणतीही नवी जोडणी घडत नाही, आणि बंद सर्व्हरची नोंदही न अडखळता वाचून दाखवली जाते. नुसते विचारले तर जोडलेल्या जागांची यादी मिळते: जागा कोणती, प्रकार कोणता, सामग्री कोठून आली. अधिक तपशील मागितला तर प्रत्येक जोडणीचा वापर कितीजण करीत आहेत, जोडताना काही चूक झाली काय, आणि तिचा सर्व्हर चालू की बंद, हे कळते. एकंदर आकडेही मागता येतात. त्यांत किती जोडण्या साधल्या, किती फसल्या, किती सोडवता आल्या नाहीत, यांचा जमाखर्च असतो. रोजच्या कामात यादीपेक्षा हा जमाखर्चच अधिक बोलका ठरतो, कारण फसलेल्या जोडण्यांचा आकडा वाढू लागला की तार, सर्व्हर किंवा नोंदी यांपैकी काहीतरी बिघडत चालले आहे, हे मुले तक्रार करण्याच्या आधीच समजते.

या साधनाकडून जोडणी सोडवण्याची मागणीही करता येते. परंतु ती मागणीच असते, सक्ती नव्हे. 'या फोल्डरची मुदत संपली असे समज' एवढेच ऑटोमाउंटरास कळवले जाते, आणि मग तो आपल्या नेहमीच्या रीतीने, कोणी वापरीत नाही ना हे पाहून, जोडणी सोडवतो. ज्याच्या हाती वही आहे त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहू द्यावा, ही यामागची दृष्टी शाळेच्या कारभारातही अपरिचित नाही.

चौकशीची खिडकी उघडी ठेवली की चोरही तेथे येऊ शकतो. एएमक्यू दुसऱ्या संगणकावरील ऑटोमाउंटरकडेही विचारणा करू शके. म्हणजे तो ऑटोमाउंटर बाहेरून आलेले निरोप ऐकत असे. १९९९ मध्ये अमेरिकेतील सर्ट या संगणकसुरक्षेच्या केंद्राने जाहीर सूचना काढली की एएमडीच्या नोंदी लिहिणाऱ्या भागात उणीव आहे, आणि प्रमाणाबाहेर लांब निरोप धाडून परका मनुष्य संगणकाचा ताबा घेऊ शकतो. दुरुस्त्या झाल्या, पण शाळेच्या आतील अशा खिडक्या इंटरनेटच्या बाजूने बंद असाव्यात, हे तंत्रज्ञाकडून एकदा तपासून घेणे श्रेयस्कर.

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आजच्या संगणकांवर बहुधा एएमडी आढळत नाही. तेथे 'ऑटोएफएस' ही व्यवस्था असते. तिचा पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यातच बसलेला असतो आणि जोडणी करणारा प्रोग्राम वेगळा असतो. नाव बदलले तरी प्रश्न तोच. येथेही दिसण्यावर विश्वास ठेवून भागत नाही. एका मांडणीत न जोडलेले फोल्डर पडद्यावर दिसतच नाहीत, आणि नवख्यास वाटते की सर्व काही पुसले गेले. प्रत्यक्षात पूर्ण नाव लिहून उघडले की फोल्डर हजर होतो. दुसऱ्या मांडणीत न जोडलेल्या फोल्डरांचीही नावे दाखवली जातात. तंत्रज्ञांनी या प्रकारास इंग्रजीत 'भूत' या अर्थाचे नाव दिले आहे, आणि ते चपखल आहे.

येथे विचारपूस करावयाची ती जोडण्यांच्या यादीकडे. ही यादी संगणकाचा गाभा स्वतःच राखतो. 'फाइंडएमएनटी' (एफ, आय, एन, डी, एम, एन, टी) ही आज्ञा, तिच्यापुढे काहीही न लिहिता, दिली म्हणजे ती यादी समोर येते आणि कोणत्याही सर्व्हरास त्रास होत नाही. यादीत जागेसमोर तिचा प्रकार लिहिलेला असतो. एखाद्या जागी 'ऑटोएफएस' एवढीच ओळ असेल तर पहारेकरी बसलेला आहे, पण दूरचे दप्तर अद्याप आलेले नाही. त्याखाली 'एनएफएस' किंवा 'एनएफएस४' अशी ओळ असेल तर ते आलेले आहे. मात्र आलेले आहे म्हणजे त्याचा सर्व्हर या क्षणी जिवंतच आहे, असे ही यादी सांगत नाही. या एका बाबतीत जुने एएमक्यू अधिक जाणते होते. सर्व्हर जिवंत आहे काय, हे 'पिंग' या आज्ञेने निराळे विचारावे.

आणि दोन्ही ओळी नसतील तर? ही स्थिती सर्वांत धोक्याची होय. तेथे पहारेकरी नाही आणि दप्तरही नाही. आहे तो केवळ या संगणकाचा साधा, रिकामा फोल्डर, जो एरवी दूरच्या फोल्डराखाली झाकलेला असतो. त्यात लिहिण्याची मुभा सर्वांना दिलेली असेल तर संगणक कुरकुर न करता लिहू देतो. सोमवारी सर्व्हर बंद असताना पाचवीतील मुलीने निबंध टंकित केला, 'जतन झाले' असा संदेश पाहिला आणि ती उठली. मंगळवारी सर्व्हर सुरू झाला, दूरचा फोल्डर त्याच जागी येऊन बसला, आणि निबंध दिसेनासा झाला. शिक्षक म्हणतात, 'तू जतन केलेच नाहीस.' मुलगी म्हणते, 'केले होते, गुरुजी.' वर्ग हसतो. वस्तुतः मुलगीच खरे बोलत असते, आणि निबंधही नष्ट झालेला नसतो. आलेल्या फोल्डराच्या खाली तो जसाच्या तसा पडून असतो.

पहारेकरी जागेवर असता असे होत नाही. सर्व्हर बंद असेल तर तो लिहूच देत नाही आणि चूक तेथल्या तेथे कळते. यास्तव तास सुरू होण्यापूर्वी त्या यादीवर एकदा नजर टाकावी, आणि जोडणीसाठी राखलेल्या रिकाम्या फोल्डरात कोणासही लिहिता येणार नाही अशी व्यवस्था तंत्रज्ञाकडून करवून घ्यावी. एवढे करूनही मुलाचे काम दिसेनासे झाले तर प्रथम त्या मुलास तो कोणत्या संगणकावर बसला होता हे विचारावे. त्या संगणकावरील इतर सर्वांचे काम थांबवून तंत्रज्ञाने जोडणी सोडवली की खालचा फोल्डर उघडा पडतो, आणि सोमवारची तारीख व वेळ घेऊन निबंध तेथे असतो.