पिंजऱ्यातले पाखरू आणि त्याचे खेळणे



ज्यांच्या घरी पाखरे पाळलेली असतात, ते आलेल्या पाहुण्याला मोठ्या हौसेने पिंजरा दाखवतात. पिंजऱ्यात रंगीत मणी असतात, आरसा असतो, झोका असतो, एखादे घुंगरू टांगलेले असते. पाहणाऱ्याला गंमत वाटते. पण ही खेळणी निवडली कोणी, आणि कोणाच्या डोळ्यांनी? बहुधा आपणच, आणि आपल्याच डोळ्यांनी. आज आपण तीच निवड पाखराच्या बाजूने करून पाहू.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडचा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. राघूची जागा झाडावर. तेव्हा आज बोलायचे ते बाजारात मिळणाऱ्या परदेशी जातींविषयी, त्यातही मुख्यतः बजरीगर या पाखराविषयी. आपल्या बाजारात त्यालाच सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हणतात. खरे लव्ह बर्ड निराळे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने तो जिवंत इंग्लंडात आणला, आणि तिथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. त्याचे वजन तीस-चाळीस ग्रॅम. हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

पाखराला हात नाहीत. आपण एखादी वस्तू हातात घेऊन चाचपतो, उलटीसुलटी करतो. पोपटाच्या कुळातले पाखरू हे सारे चोचीने आणि जिभेने करते. कुरतडणे ही त्याची खोड नव्हे, ते त्याचे पाहणे आहे. रानात त्याचा दिवसाचा बराचसा वेळ दाणा शोधण्यात जातो. पिंजऱ्यात आपण वाटीभर राळे ठेवतो, दहा मिनिटांत पोट भरते, आणि मग उरलेल्या दिवसाचे करायचे काय? कंटाळलेले पाखरू पुष्कळदा स्वतःचीच पिसे उपटू लागते. म्हणून खेळणे ही चैन नाही, गरज आहे. पण जे खेळणे म्हणून आत गेले, ते थोडेफार पोटातही जाणार. तात्पर्य, पाखराचे खेळणे निवडणे म्हणजे जवळजवळ त्याचे अन्न निवडणेच होय.

आता धातूंचे पाहा. आपल्याकडे पुष्कळजण घरच्या घरी पिंजरा बांधतात आणि त्यासाठी जस्त चढवलेली लोखंडी जाळी आणतात. नव्या जाळीवर जस्ताचे बारीक कण आणि थेंब राहिलेले असतात. पाखरू जाळीला चोचीने धरून चढते, ते कण सुटतात आणि पोटात जातात. जस्त थोडे असले तर आपल्याला बाधत नाही. पण चाळीस ग्रॅमच्या जिवाला ‘थोडे’ म्हणजे किती? शिसे तर त्याहून वाईट. डाख दिलेले सांधे, मासे धरण्याच्या जाळ्याचे शिशाचे मणी, जुन्या दारांचा पोपडे आलेला रंग, यांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्यापूर्वीचे रंग मात्र घरोघरी अजून भिंतींवर आणि खिडक्यांवर आहेत. पितळेतही तांब्याबरोबर जस्त असतेच. म्हणून साखळी, कडी, वाटी घ्यायची ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी. जस्ताची जाळी आधीच लावली असेल तर ती व्हिनेगरने ब्रशने घासून स्वच्छ धुवावी. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

धातूचे विष चढले की पाखरू अंग फुलवून बसते, मलूल होते, विष्ठा पातळ होते, कधी झटके येतात. आजारी पाखरू आपले दुखणे होता होईल तो लपवते. थव्यात दुबळा दिसला त्याला शिकारी आधी उचलतो, ही रानातली रीत त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे ते आजारी दिसू लागले म्हणजे उशीर झालाच आहे असे समजावे. उद्यावर न ढकलता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे आणि पिंजऱ्यात काय काय होते तेही सांगावे.

दुसरी गोष्ट दोऱ्याची आणि घुंगराची. सुताचा दोरा मऊ, निरुपद्रवी वाटतो. पण त्याचे धागे सुटले की ते बोटाला गुंडाळतात, आवळत जातात, रक्त थांबते आणि बोट जाते. गिळलेले धागे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन बसतात. घुंगराला चिरा असतात. बोट आत जाते, बाहेर येत नाही. नाद हवाच असेल तर लोलक पक्का बसवलेली, उघड्या तोंडाची स्टीलची घंटी द्यावी. आरशाचेही तारतम्य ठेवावे. एकटे पाखरू आरशातल्या पाखराला सोबती समजते आणि खाल्लेले दाणे ओकून त्याला भरवू पाहते. असे दिसले की आरसा काढावा. त्याला सोबत हवी आहे, काच नव्हे.

चोचीने जात नाही ते श्वासाने जाते. पाखराच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने सतत वाहत असते, त्यामुळे हवेतले विष त्याला आपल्या आधी भिनते. १८९० च्या दशकात जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेण्याचे सुचवले ते याचसाठी. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत चालली. आपल्या स्वयंपाकघरात न चिकटणारा तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरू शकते. तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नको.

मग द्यायचे तरी काय? तर गावात जे फुकट मिळते तेच सर्वांत चांगले! पेरूची, कडुनिंबाची, बांबूची काडी द्या. सालीसकट द्या, साल सोलण्यात त्याची दुपार जाते. बसायच्या दांड्या एकसारख्या गुळगुळीत नकोत. जाड-बारीक फांद्या असल्या म्हणजे तळपायाला घट्टे पडत नाहीत. ज्वारी-बाजरीचे कणीस टांगा, मक्याच्या कणसाची सुकी पाने द्या, नारळाची करवंटी घासून, भोक पाडून लटकवा. चोच घासायला समुद्रफेन द्या. मात्र फवारणी केलेल्या शेतातले काही घेऊ नका, आणि प्रत्येक वस्तू धुऊन उन्हात वाळवून मगच आत ठेवा. कण्हेर, बिट्टी, रुई, धोतरा, एरंड यांचे पानही पिंजऱ्याजवळ नको. कुंपणाची कण्हेर हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. ज्या मुलांच्या घरी अशी पाखरे आहेत, त्यांच्याकडून ही खेळणी वर्गात करून घ्यावीत. आणि प्रत्येक वस्तू हाती घेऊन मुलांना तीन प्रश्न विचारावेत. हे चावले तर पोटात काय जाईल? यात बोट, मान किंवा चोच अडकेल का? हे तुटले तर मागे टोकदार, धारदार काय उरेल? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच वस्तू आत जाईल. कोणते पान विषारी आणि कोणत्या धातूत काय, हे मुले त्यातून आपोआप शिकतील.

पिंजऱ्याचे दार आपण बाहेरून लावतो. आत काय यावे आणि काय येऊ नये, हे त्या पाखराला ठरवता येत नाही. रानात त्याने नको ती फांदी सोडून दुसरी धरली असती. इथे दुसरी फांदी आपण देऊ तीच. त्याच्या वाटचा विचार आता आपल्यालाच करायचा आहे, आणि तो आज संध्याकाळी पिंजऱ्यातली एकेक वस्तू हातात घेऊन सुरू करता येईल.