सातबारा कोरा होईल तेव्हा होवो, फोन कोरा करताना सांभाळा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातबारा कोरा करा, ही मागणी करता करता आपल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तो कोरा करणे सरकारच्या हाती. फोन कोरा करणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते आपण इतक्या सहज करून बसतो की मागून कपाळावर हात मारून घ्यावा लागतो.

कापसाच्या भावाचे सोडून हे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पीक पाहणी आपल्याच फोनवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर नोंदणी ‘कपास किसान’ ॲपवर करावी लागली. तलाठ्याच्या दप्तरातले निम्मे काम आता आपल्या बंडीच्या खिशात आले आहे. ते दप्तर जाळायला कोणी निघाला तर आपण गाव गोळा करू. फोन मात्र दुकानातल्या पोराच्या हाती देतो आणि चहाला जातो.

सप्टेंबर २०२४ चा पाऊस आठवा. ऐन पोळ्याला आभाळ फाटले होते. आमच्यातल्या एकाच्या कापसात मांडीएवढे पाणी. गड्याने चिखल तुडवत बांधाबांधाने फोटो काढले. पुढे महिनाभराने फोन अडखळू लागला. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, रीसेट मारतो, नव्यासारखा होईल.” झालाही नव्यासारखा! पाण्याचे फोटो गेले, पावत्यांचे फोटो गेले, आणि त्याच उन्हाळ्यात वारलेल्या त्याच्या मायचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज गेला. आम्ही त्याला घेऊन आणखी दोन दुकाने पालथी घातली. काही हाती आले नाही.

का आले नाही, हे समजून घ्या. आताच्या फोनात सगळा माल कुलपात असतो आणि किल्ली फोनच्याच पोटात असते. रीसेट म्हणजे ती किल्ली मोडून टाकणे. मग आतला माल असून नसल्यासारखा. तेव्हा “पैसे द्या, परत काढून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जाते ते फोनच्या पोटातले. सिमकार्ड शाबूत राहते, आधारचा ओटीपी सिमच्या नंबरावर येतो. बँकेतले पैसे बँकेतच असतात, फक्त फोनपे, गुगल पे पुन्हा जोडावे लागतात. तलाठ्याकडे पोचलेली पीक पाहणी जात नाही. पण शिवारात रेंज नव्हती म्हणून भरून नुसती ठेवलेली, अपलोड न झालेली पाहणी गेली म्हणून समजा. मेमरी कार्ड बहुधा तसेच राहते, म्हणून फोन विकताना ते आठवणीने काढून घ्या.

म्हणून आधी माल हलवा. फोटो, पावत्या, आवाज कार्डावर किंवा पोरांच्या कॉम्प्युटरवर उतरवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. आपले गुगल खाते कोणते आणि त्याचा पासवर्ड काय, हे घरच्या वहीत लिहा. सगळ्यात जास्त माणसे इथेच अडतात. फोन घेताना दुकानदाराने खाते काढून दिलेले असते आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक, तोही विसरलेला!

हे झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते काढून टाका आणि मगच सेटिंगमधूनच ‘इरेज ऑल डेटा’ करा. बटणे दाबून बाहेरूनही रीसेट होतो, पण तो फोन उघडताना जुने खाते मागतो. चोरीच्या फोनाचा उपयोग होऊ नये म्हणून ॲन्ड्रॉइडवाल्यांनी २०१५ मध्ये हे कुलूप आणले. ॲपलच्या फोनाला तसे कुलूप २०१३ पासून आहे. जुना फोन विकत घेताना याच कुलपाने आपले पैसे बुडतात. फोन चालू करून, नवे खाते टाकून बघितल्याशिवाय नोटा मोजू नका. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की पंधरा आकडी नंबर दिसतो. तो सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासता येतो. आपलाच फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन तिथूनच तो बंद करवता येतो. त्यासाठी हा नंबर वहीत आधीच लिहिलेला हवा.

आता उलटी चूक. जुन्या मोबाईलवर भांडी देणारा फेरीवाला गल्लीत ओरडत येतो. घरातली माणसे फुटक्या काचेचा फोन देऊन टोपले घेतात. काच फुटली म्हणजे आतले मेले असे नाही. पासबुकाचा फोटो, आधारचा फोटो, सुनेचे-लेकीचे फोटो आत जिवंत असतात. कोणी म्हणतात, आम्ही फोटो डिलीट केले होते. ते म्हणजे ज्वारी कापली आणि धसकटे रानात ठेवली. डिलीट केलेले फोटो काही दिवस कचरापेटीत पडून राहतात आणि खाते तर उघडेच असते. शिवाय खाते जोडलेले असताना असे एकेक पुसत बसलात तर गुगलवर जपलेला फोटोही सोबत जातो. म्हणजे जपायचे ते गेले आणि झाकायचे ते उरले. विकताना पूर्ण रीसेटच करायचा. टोपल्यासाठी देतानाही करायचा. फोन चालूच होत नसेल तर तो द्यायचाच नाही, घरात पडू द्या.

आणि बायांनो, तुम्हाला वेगळे सांगतो. घरातला जुना फोन बहुतेक तुमच्या हाती येतो, त्यात धन्याचे खाते तसेच असते. पुढे तो रीसेट झाला की पासवर्ड धन्याला विचारावा लागतो. बचत गटाच्या नोंदी त्याच फोनात असतात. तेव्हा आधी स्वतःचे खाते काढून घ्या.

जेवणानंतर मागच्या मंडपात कॉलेजची तीन पोरे बसणार आहेत. जुने फोन आणले असतील त्यांनी तिकडे जावे. चार्जर सोबत न्या, चार्ज कमी असताना रीसेट करू नये. आणि पासवर्ड पोरांना सांगू नका, स्वतःच्या बोटाने टाका.