चांदीची पारख



आज आपण चांदीविषयी बोलू. चांदी सगळ्यांच्या ओळखीची आहे. बाळाच्या पायात वाळे, लेकीच्या पायात पैंजण, देवघरात निरांजन. आणि पेरणीला पैसा नसला, की हीच चांदी मोडून बी-बियाणे येते. म्हणजे चांदी नुसती मिरवायची वस्तू नव्हे. ती घरातली शिल्लक आहे. जी आपली शिल्लक, तिचे गुण आपल्याला ठाऊक हवेत.

पहिला गुण मऊपणा. शुद्ध चांदी ठोकली की पसरते, ओढली की तिची बारीक तार निघते. पण मऊ असल्यामुळे ती लवकर वाकते, झिजते. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. जुना राणीछाप रुपया घ्या. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ साली तर निकेलचा रुपया निघाला. रुपये दिसायला सारखे, पण मोलात फरक! म्हणून जुना रुपया मोडायला नेण्याआधी त्यावरचे साल वाचा. तुम्ही अक्षर-अंक शिकलात, त्याचा उपयोग इथे होतो.

दुसरा गुण असा की, वीज आणि उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत चांदीचा पहिला नंबर. तांब्याचा दुसरा. चांदीच्या पेल्यात गरम दूध ओता, लगेच बोटाला चटका बसतो. विजेच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये जिथे वीज जोडली-तोडली जाते, तिथे चांदी मिसळलेले ठिपके बसवतात. शेतातल्या सौर पंपाच्या काचेखाली बारीक रेघा दिसतात ना? त्या बहुधा चांदीच्याच असतात. उन्हातून झालेली वीज त्या गोळा करतात.

मग घरोघरी चांदीच्या तारा का नाहीत? कारण चांदी महाग. पण एकदा तसेही घडले. १९४२ साली लढाईमुळे अमेरिकेत तांबे कमी पडले. तेव्हा तिथल्या सरकारने खजिन्यातली १३,००० टनांहून जास्त चांदी काढून अणुबाँबच्या कारखान्याला उसनी दिली. मोठमोठ्या लोहचुंबकांची वेटोळी तिची केली. शेवटची चांदी १९७० साली खजिन्यात परत आली.

तिसरा गुण उजेडाशी नाते. घासलेली चांदी उजेड परत फेकते, म्हणून चांगल्या आरशामागे तिचा पातळ थर देतात. चांदीचे काही क्षार उजेडाने काळे पडतात. त्यावरच जुनी फोटोची कला उभी राहिली. आजोबांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो बघा. त्यातला काळा रंग म्हणजे चांदीचे बारीक कण!

चांदी जंतूंनाही मारते. भाजलेल्या जखमेच्या एका मलमात ती असते. पण ते डॉक्टरांना विचारूनच लावावे.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. "चांदी काळी का पडते हो?" कोणी म्हणते अंगातली उष्णता, कोणी म्हणते नजर लागली. तसे काही नाही. हवेत, घामात, अंड्यात थोडे गंधक असते. त्याचा चांदीशी संयोग झाला की वर काळी पुटे चढतात. चांदी काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही.

इथेच माणसे फसतात. "दागिने चकाचक करून देतो," म्हणत कोणी दारी येतो. दागिना पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवात बुडवतो. ते तेजाब असू शकते. नायट्रिक ॲसिडात चांदी साखरेसारखी विरघळते. दागिना चमकत परत येतो, पण वजनात घटलेला! राहिलेली चांदी त्याच्या भांड्यात जाते. तेव्हा बायांनो, अनोळखी माणसाच्या हाती दागिना देऊ नका.

घरीच साफ करा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी घ्या. त्यात खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाका. दागिना भांड्याच्या तळाला टेकेल असा थोडा वेळ ठेवा. गंधक चांदीला सोडते आणि ॲल्युमिनियमकडे जाते. चांदी जागच्या जागी राहते. मात्र खड्याचे दागिने असे धुऊ नका, आणि ते भांडे स्वयंपाकाला घेऊ नका.

विकत घेतानाही डोळे उघडे ठेवा. 'जर्मन सिल्व्हर' नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिलाफ. खऱ्या चांदीवर हॉलमार्कचा शिक्का मिळतो. आपल्या देशात ही सोय २००५ सालापासून आहे. शिक्क्यात ९२५ असेल, तर १००० भागांत ९२५ भाग चांदी समजा. शिक्का वाचा, वजन समोर करून घ्या, आणि पक्की पावती मागा. पावती मागण्यात लाज कसली? पैसा आपल्या घामाचा आहे.