इंजिनाची काळजी, खिशाला झेपेल अशी
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



दरवर्षी या मंचावर आपण नाटक, गाणं, आरोग्य यांवर ऐकतो. यंदा कार्यकारिणीने मला गाडीवर बोलायला सांगितलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, सरकारी नोकर. माझी गाडी जुनी आणि पगार ठरलेला. तेव्हा कमी पैशात इंजिन कसं टिकवायचं, एवढंच सांगतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. २०११ च्या मे महिन्यात पुण्याचं लग्न आटोपून आम्ही इंदूरला परतत होतो. गाडी सेकंडहँड मारुती ८००. रेडिएटरचा रबरी पाइप तीन आठवड्यांपासून पाझरत होता. ओळखीचा मिस्त्री म्हणालाही होता, "साहब, पाइप बदलवा लो." पाइप दोनशे रुपयांच्या आतला. मी म्हटलं, आल्यावर बघू. रोज सकाळी नळाचं पाणी ओतायचं, की झालं.

शिरपूर सोडून बिजासन घाट चढू लागलो. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, काटा वर चाललाय." मी म्हणालो, "बाबा, घाट संपला की उतरेल." काटा उतरला नाही, गाडी मात्र थांबली. बाबांना मधुमेह. भर दुपारी दोन तास ते रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली बसून होते. एका ट्रकवाल्याने त्यांना पाणी आणि केळी दिली. गाडी ओढून सेंधव्याला नेली. गॅस्केट गेलं होतं आणि हेड वाकलं होतं. तेरा हजार रुपये लागले. ते फेडता आले, पण बाबांचा त्या वेळचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. ते एक शब्दही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो.

पहिला नियम कूलंटचा. नळाच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि आत गंज धरतो. म्हणून कूलंटच घालावं, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरने. बाटलीतली पातळी इंजिन थंड असताना पाहावी. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये, वाफेने तोंड भाजतं. काटा चढला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि थांबा. घाट संपायची वाट पाहू नका.

दुसरा नियम ऑइलचा. दर रविवारी, सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणंही वाईटच. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गाडी सुरूच करू नका. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलीय तीच घ्या, महागडी नको. गाडी कमी फिरते म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं ठेवू नका. पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरा. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर पुढचं गॅरेज गाठू असं म्हणू नका. तिथेच बंद करा.

तिसरा नियम एअर फिल्टरचा. आपल्या रस्त्यांवर धूळ भरपूर. फिल्टर बहुतेक गाड्यांत हाताने काढता येतो, झटकता येतो. फार काळा झाला की बदला. धूळ आत गेली तर सिलिंडर घासतो.

चौथा, धुराकडे लक्ष ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, ती चालेल. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जळतंय.

पाचवा नियम रबराचा. पाइप आणि पट्टे वयाने कडक होतात, चिरतात. ज्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे, तिथे तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच. तो तुटायची वाट पाहणं फार महागात पडतं.

आता पैसे कुठे वाचवायचे? गॅरेजमध्ये दर वेळी इंजिन फ्लश आणि तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या सुचवतात. पुस्तकात नसेल तर हात जोडून नको म्हणा. सकाळी गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या तापवू नका. अर्धा मिनिट थांबा, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

आमच्या घरी एक वही आहे आणि एक पाकीट. वहीत तारीख, किलोमीटर, काय बदललं ते लिहितो. पाकिटात दरमहा पाचशे रुपये टाकतो. त्यामुळे "पुढच्या पगाराला बघू" हे वाक्य आमच्या घरातून गेलं.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, लिंबू बांधतो. जरूर बांधा. पण त्या दिवशी बॉनेट उघडून डिपस्टिकही बघा. गाडीत बसलेली माणसं आपल्या भरवशावर बसलेली असतात.

गणपती बाप्पा मोरया!