खोट्या फिर्यादीनंतर घरच्यांच्या हाती काय असतं?

दक्षिण महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतून आलेले ज्येष्ठ आणि तरुण विधिज्ञ मित्रहो,

नव्या फौजदारी कायद्यांवर या परिषदेत सकाळपासून चांगली चर्चा झाली. आरोपी, फिर्यादी, तपासी अंमलदार, सरकारी वकील या सगळ्यांबद्दल आपण बोललो. मला आता आरोपीच्या घरच्या माणसांबद्दल बोलायचं आहे. खोट्या फिर्यादीत अडकलेल्याची बायको, भाऊ, म्हातारे वडील. रात्री पोलीस ठाण्याच्या आवारात तेच उभे असतात, जामीनदारासाठी तेच दारोदार फिरतात, तारखेला एसटीनं तेच येतात. कायद्यानं त्यांना काही मार्ग दिले आहेत, पण ते त्यांना कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आधी एक स्पष्ट करतो. आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, असा अर्थ होत नाही. साक्षीदार फुटतात, तपास ढिला होतो आणि खरा पीडित हात हलवत घरी जातो. विशेषतः स्त्रियांच्या आणि दलित-आदिवासींच्या फिर्यादींना सरसकट ‘खोटी केस’ म्हणण्याची आपल्या बाररूममधली सवय मला मान्य नाही. मी बोलतोय ते जाणूनबुजून रचलेल्या फिर्यादीबद्दल. बांधाच्या भांडणातून, भागीदारीच्या वादातून, पतसंस्थेतल्या अपहाराचं खापर कारकुनावर फोडण्यातून उभी राहिलेली फिर्याद.

पहिल्या रात्री घरचे लोक ओळखीचा पुढारी शोधत फिरतात. त्याऐवजी त्यांनी ठाण्यात काय मागायचं, हे आपण त्यांना सांगितलं पाहिजे. अटक केली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो तयार व्हावा लागतो आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. ती सही करताना अटकेची तारीख आणि वेळ वाचून घ्या, हे बजावून सांगा. दुपारी उचललेल्या माणसाची अटक मध्यरात्रीची दाखवली, तर न्यायाधीशांसमोर हजर करायचे चोवीस तास तिथूनच सरकतात. कुठे ठेवलंय हे नातेवाइकाला कळवणं कलम ४८ नं बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असंही होता कामा नये. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट आड येत नाही. १५१०० हा क्रमांक प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं अर्णेश कुमार निकालानं २०१४ मध्येच सांगितलं. अशा वेळी कलम ३५ ची नोटीस येते. नोटीस पाहून घाबरलेले लोक मुलाला मामाच्या गावी पाठवतात आणि नेमका अटकेचा रस्ता मोकळा करून देतात. नोटिशीला हजर राहायचं, लेखी म्हणणं द्यायचं, त्याची पोच घ्यायची. भीती खरी असेल तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन. आपल्यातल्या जुन्या लोकांची जीभ ४८२ म्हटलं की अजून हायकोर्टाकडे वळते. १ जुलै २०२४ पासून गुन्हा रद्द करण्याचं कलम ५२८ झालंय, हे पक्षकाराच्या कागदावर तरी चुकू देऊ नका.

घरच्यांचं सगळ्यात मोठं काम या धावपळीत राहून जातं. पुरावा जपण्याचं. दुकानाच्या दारावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. त्या दिवशी मुलगा दुसऱ्या गावात होता हे दाखवणारी टोलची पावती, लॉजच्या वहीतली नोंद, यूपीआयचा व्यवहार, कामावरची हजेरी हे सगळं पहिल्या आठवड्यात गोळा करायचं. चित्रण राखून ठेवावं असा लेखी अर्ज दुकानदाराला आणि तपासी अंमलदाराला द्यायचा. मोबाइल फॉरमॅट करायचा नाही, त्यातला एकही संदेश पुसायचा नाही, कारण निर्दोष माणसाच्या हातूनही ते पुरावा नष्ट केल्यासारखंच दिसतं. आणि फिर्यादीच्या घरी समजूत घालायला कुणीही जायचं नाही. हेतू कितीही चांगला असो, ती भेट साक्षीदारावरचा दबाव ठरते आणि मिळालेला जामीन रद्द होतो.

तपासात काही निघालं नाही, तर आपल्या राज्यात पोलीस समरी अहवाल पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. सी समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. बी समरी म्हणजे द्वेषबुद्धीनं दिलेली खोटी फिर्याद. पोलिसांना सी समरी सोयीची असते. कुणाशी वाकडं येत नाही, फाइल बंद होते. घरचेही सुटलो म्हणून पेढे वाटतात. पण फिर्याद रचलेली होती असं दाखवणारे कागद हाती असतील, तर बी समरीचा आग्रह धरायला हवा. खोटी फिर्याद देणाऱ्यावर कारवाईची मागणी त्याच अहवालाच्या आधारे नेटानं करता येते. पुढे लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २१७ आहे आणि इजा पोचवण्याच्या हेतूनं खोटा आरोप केल्याबद्दल कलम २४८. या दुसऱ्या कलमाची शिक्षा नव्या कायद्यानं वाढवली आहे. साधारण प्रकरणात पाच वर्षांपर्यंत, आणि ज्या गुन्ह्याचा आरोप केला त्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांची वा त्याहून मोठी शिक्षा असेल, तर दहा वर्षांपर्यंत.

फिर्याद वाचल्यावरच तिच्यात गुन्हा दिसत नसेल, किंवा ती सूड म्हणून दिल्याचं उघड असेल, तर उच्च न्यायालय ती रद्द करू शकतं. भजनलाल निकाल १९९० चा, आजही सगळे त्याच्याच कसोट्या लावतात. मात्र गुन्हा रद्द होण्याआधी तपासाला सरसकट स्थगिती मिळेल अशी आशा पक्षकाराला दाखवू नका. महाराष्ट्रातूनच गेलेल्या निहारिका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये त्यावर लगाम घातला आहे. आपल्या सहा जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं. सावंतवाडीच्या, अक्कलकोटच्या माणसाची मुंबईची खेप वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता निकालानंतरचं. एका पतसंस्थेतला कारकून अपहाराच्या आरोपातून निर्दोष सुटला. नोकरी गेली होती, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, आमचं जे गेलं त्याची भरपाई मागता येते का हो?” मागता येत होती. आता येत नव्हती. द्वेषमूलक खटल्याच्या भरपाईचा दिवाणी दावा मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७४ प्रमाणे निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात दाखल करावा लागतो. त्या घराला हे कुणीच सांगितलं नव्हतं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि वर्ष तिथूनच सुरू झालं.

या दाव्यात फक्त निर्दोष सुटल्याचा निकाल पुरत नाही. खटला प्रतिवादीनं चालवायला लावला, त्याला वाजवी कारण नव्हतं, मनात द्वेष होता आणि त्यातून नुकसान झालं, हे सगळं शाबीत करावं लागतं. म्हणून औषधोपचाराच्या पावत्या, बडतर्फीचं पत्र, जामिनासाठी काढलेल्या कर्जाचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवायला सांगा. प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडचं असेल आणि आरोपाला वाजवी आधार नव्हता असं त्यांना वाटलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ खाली तेच फिर्यादीकडून भरपाई देववू शकतात. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांची मर्यादा ५० हजार रुपये आहे. न्यायालयात खोटी साक्ष दिली गेली असेल, तर कलम ३७९ खाली त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

पण खोटेपणा सरकारी यंत्रणेचाच असेल तेव्हा? २००३ साली नाशिक जिल्ह्यात झालेल्या एका भीषण दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना गोवलं गेलं. जखमी साक्षीदार महिलेनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, तो धागा पोलिसांनी सोडून दिला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. आयुष्यातली सोळा वर्षं, डोक्यावर फाशी, बाहेर पालावर राहिलेली बायकामुलं, आणि हाती ५ लाख. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये अटक झाली. केस खोटी असल्याचं सीबीआयनं १९९६ मध्येच सांगितलं, आणि ५० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं दिली ती २०१८ मध्ये. या भरपाया न्यायालयानं स्वतःच्या अधिकारात दिल्या. हक्क म्हणून मागावी अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत शोधायला गेलात, तर विनाकारण अटक करवल्याबद्दल कलम ३९९ सापडतं. त्यात कमाल रक्कम आहे १००० रुपये. वकिलाच्या एका तारखेचा खर्च त्यात भागत नाही. २०२३ साली नवी संहिता लिहिताना हा आकडा तसाच राहिला, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्याची भरपाई हा कायदेशीर हक्क व्हावा, त्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष न्यायालयं असावीत, आणि पीडित माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांनाही अर्ज करता यावा, असं त्यात सुचवलं होतं. घरच्या माणसांचा विचार करणारा इतका नेमका प्रस्ताव मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचा कायदा झालेला नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्या सगळ्यांकडे. प्रत्येक तालुका बारनं विधी सेवा समितीबरोबर रात्रीच्या अटकेसाठी वकिलांची पाळी लावावी, आणि अशिलाच्या निर्दोष मुक्ततेच्या दिवशी निकालाच्या नकलेबरोबर भरपाईच्या दाव्याची शेवटची तारीख लिहिलेलं पत्र त्याच्या घरच्यांच्या हाती द्यावं. दुसरी सरकारकडे. विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालानुसार कायदा करावा आणि कलम ३९९ मधली हजाराची मर्यादा काढून टाकावी. या दोन्हींचा ठराव मी आता सभेपुढे मांडतो. तो तुम्ही एकमतानं मंजूर करावा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.